मडक्यातला देव

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. उधव्याच्या पलीकडच्या त्या पाड्यावर एवढी माणसं कधी लग्नालाही जमली नव्हती. वेवजीहून लोक चालत आले होते, तलासरीहून रिक्षा भरून आले होते. गुजरातच्या हद्दीपलीकडचेही चार-दोन होते. तिकडे दारूबंदी असल्यामुळे त्यांना इकडच्या देवांची ओढ जरा जास्तच. वारा येऊ नये म्हणून मांडवाला चारी बाजूंनी गोणपाटं बांधली होती. वैशाखातली दिवेलागणीची वेळ. आत माणसं उकडून निघत होती, धुपाने डोळ्यांतून पाणी गाळत होती, आणि मधोमध मांडी घालून बसलेला बाबल्या भगत एका मडक्याशी गप्पा मारत होता.

"ही पणती माझी नाय," तो म्हणाला. "ही डोंगराची जीभ हाय. भल्या बाईसमोर ती जळत राहते. माणसं खानारी बाई, भुताळी, समोर आली का डोंगर जीभ आत ओढून घेतो. मी काय करत नाय. मी टपालवाला. पत्र डोंगराचं, पत्ता तिचा."

लोकांनी माना डोलावल्या. टपालवाला मोटारसायकलवरून आला होता आणि मोटारसायकलला फलक लावलेला होता: 'विहीर, बोअर, खाण, बोगदा. जमिनीखालचे सर्व दोष गॅरंटीने दूर.' पाड्याचा जुना भगत असा नव्हता. तो झाडपाला द्यायचा, आणि साप चावलेला माणूस आणला तर मंत्र पुटपुटता पुटपुटताच ओरडायचा, "गाडी बघा आधी!" तो मेला. त्याच्या जागी गॅरंटी आली.

मडक्यासमोर पाच बायका खाली मान घालून बसवल्या होत्या. दोन विधवा, एक नवऱ्याने टाकलेली, एक मूल नसलेली, आणि एक म्हातारी, जिच्या शेताच्या बांधावरून पुतण्यांशी वाद होता. भरल्या घरातली, चार भावांची बहीण असलेली एकही नव्हती. डोंगर माणसं ओळखून जीभ ओढतो.

त्या दोन विधवांतली एक शुक्री. तिचा नवरा देवजी बोगद्यात दगडाखाली गेला होता. अजून त्याचं दिवसकार्यही व्हायचं होतं.

तिची मुलगी संगिता मागे बांबूला टेकून उभी होती. चारोटीला एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. बापाच्या कार्यासाठी म्हणून ती रजा काढून आली होती आणि आईचा न्याय बघत होती.

बोगदा डोंगराच्या पोटातून पाण्याचा पाइप न्यायला खणत होते. पाणी जाणार होतं लांबच्या शहरांना. पाड्यावर एक हातपंप होता, तो वैशाखात खोकायचा. पण कामाला माणसं पाड्याचीच. सुरुवातीला एकाचा पाय गेला, मग एकाची बोटं, मग एकाच्या खांद्यावर दगड आला. बाबल्या भगताला बोलावलं. त्याच्या पणतीने जानी नावाची बाई दाखवली. पाड्याने हात वर करून ठरवलं आणि जानीला दोन पोरांसकट हाकलून दिलं. ती उमरगावच्या बाजूला कुठल्यातरी वीटभट्टीवर असते, असं लोक म्हणत, आणि विषय बदलत.

जानी गेली. त्यानंतर देवजी मेला.

"मग जानी नव्हती वाटतं?" कुणीतरी हळूच विचारलं होतं.

भगताकडे उत्तर तयार होतं. "जानीच होती. जाताना विद्या दुसरीला देऊन गेली."

गॅरंटी पुन्हा लागू झाली.

पहिली बाई पुढे सरकली. भगताने तारेच्या साखळीला टांगलेली पणती मडक्यात सोडली. मडकं चांगलं कंबरेएवढं, तोंड अरुंद. आत ज्योत जळत राहिली, मडक्याचा गळा तांबूस उजळला. "भली बाई!" दुसरी. जळत राहिली. तिसरी, चौथी. लोकांचा धीर सुटत चालला होता. भल्या बायका बघायला कोणी तलासरीहून रिक्षाचं भाडं देत नाही.

शुक्री पुढे सरकली. पणती आत गेली आणि विझली.

भगताने ती वर काढली, पेटवली, सगळ्यांना दाखवली, पुन्हा सोडली. विझली. फुंकर नाही, वारा नाही, पाणी नाही. गळा दाबावा तशी ज्योत गेली. गर्दीतून एक लांब हुंकार उठला. त्यात भीती होती, पण समाधान जास्त होतं.

"मी बोललो होतो!" काळ्या उठून ओरडला. "देवजीला हिनंच खाल्ला! बोललो होतो का नाय?"

काळ्या देवजीचा जोडीदार. दोघं एकत्र बोगद्यात जात. आठवड्यातून तीनदा तरी तो शुक्रीच्या हातची भाकर खात असे.

पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मुकादम नविन बसला होता. बोगद्याला माणसं पुरवायचा तोच. तो दोन्ही हात वर करून म्हणाला, "भाई, आपण काय बोलणार? देवाचा मॅटर आहे. उद्या तपासणीचे साहेब येतात. त्यांनी विचारलं तर जे आहे ते सांगा. बाईचा दोष होता, बाई गेली, विषय खतम. कंपनीला कशाला मध्ये घालता?"

"उद्या उजाडायच्या आत हद्दीबाहेर," भगत म्हणाला. "घराची चौकट जाळायची. राख मी नेणार. बोल गो, शुक्रे. तू केलंस का नाय?"

असं विचारलं की बायका रडत, पाया पडत, शपथा घेत. तो खेळाचा रंगणारा भाग असायचा.

शुक्रीने मान वर केली. "होय," ती म्हणाली. "मीच मारला त्याला."

भगतच क्षणभर गडबडला. इतकी मदत त्याला आजवर कुणी केली नव्हती.

संगिताला वाटलं, आपण ऐकलं ते खोटं. मग तिने आईचं तोंड पाहिलं. आई घाबरलेली नव्हती. कुणीतरी अखेर शिक्षा द्यायला आलं म्हणून सुटल्यासारखी बसली होती.

ती गर्दीतून पुढे आली. "भगतबाबा, माझंही बघा."

"तुझं कशाला, पोरी? तू शिकलेली."

"आईकडून पोरीकडे जाते ना विद्या? बघा की. उद्या मी चारोटीला पेशंटना खाईन."

मागे कोणीतरी हसलं. भगताने तिच्याकडे निरखून पाहिलं. शिकलेली पोरगी गर्दीसमोर वाकायला आली आहे, ही संधी तो सोडणार नव्हता. त्याने पणती पेटवली. सगळ्यांचे डोळे ज्योतीवर. संगिताचे त्याच्या मुठीवर.

पणती विझली. "आईगतच लेक!" म्हातारी ओरडली, जी स्वतः दोन मिनिटांपूर्वी भली ठरली होती.

संगिता वाकून मडक्यात डोकावली. विझलेल्या वातीचा धूर वर येत नव्हता. आत अर्ध्यावर तो सपाट पसरला होता, डबक्यावर शेवाळ तरंगावं तसा. ती आणखी वाकली आणि नाकाला झणका बसला. तो झणका तिच्या ओळखीचा होता. लहानपणी दारूसाठी आंबत घातलेल्या मोहफुलांच्या मडक्यात तोंड घातलं की असाच बसायचा आणि आई पाठीत धपाटा घालायची.

"काळ्याकाका, इकडे या."

"मी कशाला?"

"भुताळीला भिता, का भगतबाबांच्या देवाला?"

काळ्या आला. सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

"भगतबाबा मला हात लावू देणार नाहीत, बाईचा हात आहे. तुमचा चालेल. चौघी भल्या ठरल्या तेव्हा भगतबाबांची मूठ मडक्याच्या काठापासून वीतभर वर होती. आई बसली तेव्हा मूठ काठाला टेकली. माझ्या वेळीही टेकली. तुम्ही साखळी धरा. आईसाठी मूठ वर ठेवा."

"असं नसतं चालत!" भगत उठू लागला. "मंत्र लागतो!"

"तुम्ही म्हणालात, तुम्ही टपालवाले. पत्र कोणीही टाकलं तर पोचायला पाहिजे."

ह्या वेळी हसणारे जास्त होते. काळ्याने पणती सोडली, मूठ वीतभर वर धरून. शुक्रीसमोर ज्योत जळत राहिली. आधी जशी चौघींसमोर जळली होती, तशीच मख्ख.

"आता मुकादमांसाठी. मूठ काठाला टेकवा."

"अरे, मला कुठे मध्ये..." नविन खुर्चीतून अर्धा उठला. पणती विझली.

"अरे देवा," मागून आवाज आला, "नविनभाई खानारी निघाले!"

मांडव फुटला हसण्याने. ज्या तोंडांनी मघाशी शुक्रीची चौकट जाळायला होकार दिला होता त्याच तोंडांनी. संगिताला त्या हसण्याची शिसारी आली, पण ते तिच्या कामाचं होतं. हसणारा माणूस निदान पुढे काय होतंय ते बघतो.

तिने दुसरी पणती पेटवून जमिनीवर ठेवली आणि मडक्याचा काठ धरला.

"नको!" भगत किंचाळला. "सांडेल! देव सांडेल!"

"सांडू दे. पुसून घेऊ."

तिने मडकं हळूहळू पणतीवर कलतं केलं. तोंडातून काहीच पडलं नाही. पाण्याचा थेंबही नाही. पण खाली ज्योत चपटी झाली, थरथरली आणि गेली. मांडवात एकही माणूस हसला नाही. मग तिने मडकं पूर्ण उलटं केलं. आधी सागाची पानं पडली, मग त्यांच्याखालून फसफसलेल्या मोहाचा लगदा बदकन जमिनीवर आला, बुडबुडे सोडत.

"हा तुमचा डोंगर," संगिता म्हणाली. "मोह आंबताना त्यातून वायू निघतो. दिसत नाही. हवेपेक्षा जड असतो, म्हणून मडक्याच्या तळाशी साठतो, पाण्यासारखा. त्यात दिवा जगत नाही. माणूसही जगत नाही. जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात ना, तो कशासाठी? वर हवा असते, तिथे दिवा जळतो. ज्या बाईला वाचवायचं तिच्यासाठी दिवा वर, जिला बुडवायचं तिच्यासाठी खाली. वासाचं कुणाला काही वाटलं नाही, कारण भगतबाबांच्या अंगाला तसाही मोहाचाच वास येतो."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी भगताचं बखोट धरलं. कोणी त्याच्या पाठीत गुद्दा घातला, कोणी मोटारसायकलचा फलक तोडला. ज्या उत्साहाने बाईला हाकलणार होते त्याच उत्साहाने आता त्याला बडवायला निघाले. बाबल्या भगताने मात्र अनुभवी माणसासारखी चप्पल सोडली, गोणपाटाखालून सरपटला आणि मोटारसायकलीला लाथ मारून धूळ उडवत गेला. मडकं टाकून गेला. मडकी मिळतात.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हातारी म्हणाली, "भगत लबाड, मान्य. म्हणून भुताळी खोटी कशी? देवजी मेला तो काय आपोआप? आणि ही तर सोताच बोलली."

शहाणपणाचा प्रश्न होता. लोक पुन्हा शुक्रीकडे बघू लागले.

संगिता आईपुढे बसली. "आय, काय केलंस तू?"

"उठवला त्याला." शुक्रीचा आवाज अगदी सपाट होता. "रात्रपाळी करून आला होता. अंगावरची धूळ पण धुतली नव्हती, तसाच ओटीवर पडला. मुकादमाची जीप आली, भोंगा वाजवत राहिली. तो उठेना. मी हलवला. नाय उठला. मग पाणी मारलं तोंडावर. बोलली, जा, नायतर उद्यापासून बोलावणार नायत. तो गेला. माझ्याकडे बघितलं पण नाय. झोपेतच गेला. मग त्याला उचलूनच आणला."

हे पाड्यावर कोणालाच माहीत नव्हतं. संगितालाही नाही. दवाखान्यात ती बोगद्यातली माणसं रोज बघत होती. चेंगरलेली बोटं बहुतेक लागोपाठच्या दुसऱ्या पाळीतली असत. नवी पोरं पहिल्याच आठवड्यात येत. सुरुंगाचा धूर निवायच्या आत ज्यांना आत धाडलं, ती डोकं धरून ओकत येत. ती प्रत्येकाला विचारायची, झोपला कधी होतास? ते हसायचे. "काय ताई, झोप काय इचारता!" स्वतःच्या बापाला तिने कधी विचारलं नव्हतं, बाप तिच्या दवाखान्यात कधी आलाच नाही.

तिला आईला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने घेतलं नाही. आत्ता रडलं की सगळे रडतील, आणि रडून झालं की जेवायला जातील.

"काळ्याकाका," ती उठून म्हणाली, "सुरुंग उडाल्यावर आत गेलं की पहिलं काम काय?"

काळ्याने ओठ चाटले. "धूर जाईपर्यंत थांबायचं. मग पहार घेऊन छत ठोकत जायचं. घट्ट दगड खणकन वाजतो, सुटलेला भदभद वाजतो. भदभद वाजला का लांबून पहारीने पाडायचा. मग बाकीच्यांनी आत यायचं."

"माझ्या बाबांच्या जोडीत ते काम कुणाचं?"

"माझं."

"त्या दिवशी छत कसं वाजलं?"

काळ्याने मुकादमाकडे पाहिलं. नविन मुकादम दाराकडे सरकू लागला होता. दोन माणसं नकळत त्याच्या वाटेत आली.

"कसं वाजलं, काका?"

"नाय ठोकलं."

"का?"

"जानीला काढली ना, तेव्हा पूजा झाली बोगद्यात. भगत बोलला, आता आत देव बसला, छताला लोखंड लावायचं नाय. लावलं तर पुन्हा दगड पाडेल. मुकादम बोलला, बरोबर हाय, पहारी वरती ठेवा. त्या दिवसापासून कोणीच नाय ठोकलं." तो आता घाईघाईने बोलत होता, जणू थांबला तर पुन्हा सुरू होता येणार नाही. "देवजी माझ्या पुढं होता. डुलक्या घेत चालला होता. वर करकर झालं. मी मागं उडी मारली. त्याला... तो वर बघतच राहिला. झोपेत माणूस बघतो तसा."

"आणि मग तुम्ही सगळ्यांत आधी ओरडलात, शुक्रीनं खाल्ला."

काळ्या खाली बसला. त्याने डोकं गुडघ्यांत घातलं.

"पूजेला कोंबडा कुणी दिला होता?" संगिताने विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नाही. विचारायलाच नको होतं.

"तुझ्या बानं," काळ्या गुडघ्यांतून म्हणाला. "जानीला काढायला पहिला हात पण त्यानंच वर केला होता."

संगिताने ते ऐकून घेतलं. बाप भला माणूस होता, तिला शिकवायला त्याने स्वतःच्या हाडांचं पाणी केलं होतं, आणि त्याने एका बाईला दोन पोरांसकट उन्हात काढलं होतं. दोन्ही खरं होतं. ज्या पूजेसाठी त्याने कोंबडा कापला त्या पूजेने पहार काढून घेतली आणि पहार नव्हती म्हणून तो मेला. भगताने त्याला मारायचं ठरवलं नव्हतं. मुकादमानेही नाही. मुकादमाला फक्त वेळ वाचवायचा होता आणि भगताला देव खपवायचा होता. पाड्याने तर नुसता हात वर केला होता. इतक्या थोडक्यात माणूस मरतो.

"म्हणजे मी उठवला नसता..." शुक्री म्हणाली.

सगळे संगिताकडे बघत होते. ती खोटं बोलू शकली असती.

"तर बाबा त्या दिवशी वाचले असते, आय. दुसऱ्या दिवशी त्याच छताखाली दुसरा कोणीतरी गेला असता. रात्रभर दगड फोडलेल्या माणसाला सकाळी परत बोलवायला जीप तू पाठवली नव्हतीस. भोंगा तू वाजवत नव्हतीस. पहार तू काढून घेतली नव्हतीस. तू पाणी मारलंस एवढंच तुझं. ते तुझ्याजवळ राहील, ते मला पुसता येणार नाही. पण बाकीचं उचलू नकोस. ते ज्याचं आहे त्याला उचलू दे."

शुक्री पदर सावरून उठली. मग तिने विचारलं, "ते साहेब उद्या कधी येतात?"

"आये, तू कशाला," नविन गोड आवाजात म्हणाला, "आपण घरातल्या घरात..."

"तुला नाय इचारलं."

दुसऱ्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी पाड्याची माणसं उभी होती. काही शरमेने आली होती, काही गंमत बघायला. कोण कशाला आलं होतं ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तपासणीच्या साहेबांनी रुमालाने मान पुसत विचारलं, काय झालं होतं? नविन पुढे झाला. काळ्या त्याच्याही पुढे झाला आणि पहारीचं सगळं सांगितलं, आपल्या भेकड उडीसकट. शुक्रीने जीप आणि भोंगा आणि तोंडावर मारलेलं पाणी सांगितलं, काहीही न लपवता. साहेब ऐकत होते की ऊन चुकवत होते, सांगता येत नव्हतं. पण शब्द सगळ्यांसमोर बोलले गेले होते आणि ते परत मडक्यात जाणार नव्हते.

पाड्याची माणसं छत ठोकल्याशिवाय आत जाईनात. नविनने आठवडाभर वाट पाहिली आणि मग लांबून, परराज्यातून, दुसरी माणसं आणली. तरणी, हसरी पोरं. त्यांना इथलं कोणी ओळखत नव्हतं आणि त्यांचं कोणी इथे विचारणारं नव्हतं. बाबल्या भगत हद्दीपलीकडे एका विहिरीचा दोष काढतो आहे, असं कानावर आलं. त्याने नवा फलक केला आहे.

शुक्री सकाळी उठते आणि बोगद्याच्या रस्त्यावर उभी राहते. नव्या पोरांची जीप चढावर हळू होते तेव्हा ती तोडक्यामोडक्या हिंदीत ओरडते. पहिल्यांदा ती पोरं हसली. आता एकदोन जण मान हलवतात.

ती एवढंच सांगते. झोपून उठला असाल तरच आत जा. धूर जाऊ द्या. आधी छत ठोका, कान देऊन ऐका, मगच पुढे पाऊल टाका. आणि तरीही दगड पडलाच तर बाई शोधत फिरू नका. छत कुणी ठोकलं नाही आणि कुणी ठोकू दिलं नाही, ते विचारा.